सर्व्हर बदलला म्हणून पासवर्ड का बदलावा?

एका कार्यप्रणालीच्या सर्व्हरवरून दुसरीकडे जाताना वापरकर्त्यांची खाती आणि पासवर्ड सोबत नेता येतात. युनिक्स घराण्यातल्या प्रणालींपुरते तरी हे काम जुने आणि रुळलेले आहे. तरीही एक मत ठासून मांडले जाते. पासवर्ड सर्व्हरवर साठवलेलाच नसतो, मग तो नेणार कसा? जुनी खाती म्हणजे कचरा, जुने हॅश कमकुवत. सबब नव्या सर्व्हरवर कोरी खाती उघडावीत, सर्वांना एकच तात्पुरता पासवर्ड द्यावा आणि मोकळे व्हावे. असे सांगणारे मोकळे होतात, यात शंका नाही. अडकतात ते बाकीचे.

प्रणाली बदलण्याची वेळ क्वचितच येते, हेही खरे नाही. सेंटओएस 7 ची सुधारणा-सेवा 30 जून 2024 रोजी बंद झाली आणि तिच्यावर चालणाऱ्या असंख्य सर्व्हरांना दुसरे घर शोधावे लागले. सी-डॅकच्या ‘परम’ महासंगणकांच्या मालिकेतच ‘परम 10000’ हा सन कंपनीच्या यंत्रांवर उभा होता, ‘परम पद्म’ आयबीएमच्या एआयएक्सवर आणि 2008 चा ‘परम युवा’ लिनक्सवर. यंत्रे आणि प्रणाली बदलतच राहणार.

‘पासवर्ड साठवलेला नसतो’ हे अर्धसत्य आहे. साठवलेला असतो तो त्याचा हॅश, म्हणजे उलट फिरवता न येणाऱ्या गणिताचे उत्तर. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी 1979 च्या निबंधात या पद्धतीचे वर्णन केले. प्रत्येक पासवर्डात ‘सॉल्ट’, म्हणजे यादृच्छिक भर, मिसळल्याने एकाच पासवर्डाची 4096 वेगवेगळी उत्तरे संभवत. जुन्या सर्व्हरला पासवर्ड ठाऊक नव्हता आणि नव्यालाही तो ठाऊक असण्याची गरज नाही. हॅश सोबत नेला आणि नव्या प्रणालीला ते गणित येत असले, की काम झाले. कोणते गणित, हे हॅशच्या सुरुवातीलाच लिहिलेले असते: $1$ म्हणजे एमडी5, $5$ म्हणजे शा-256, $6$ म्हणजे शा-512. सेंटओएस 7 वरचा $6$ हॅश डेबियन 12 निमूट स्वीकारते. फ्रीबीएसडीलाही तो वाचता येतो. डेबियन 11 पासून रूढ झालेला यस्क्रिप्ट मात्र फ्रीबीएसडीला उमगत नाही. तेव्हा ‘नेता येत नाही’ असे म्हणण्याआधी हॅशची पहिली तीन चिन्हे वाचण्याचे कष्ट घ्यावेत.

खरा आक्षेप आहे तो तात्पुरत्या पासवर्डावर. विंझर हे नसरापूर–वेल्हे रस्त्यावरचे गाव. तिथल्या एखाद्या महाविद्यालयाच्या सर्व्हरवर हा उपाय केला, असे समजू. तात्पुरता पासवर्ड काय असणार? गावाचे नाव आणि पुढे 123. तो फळ्यावर लिहिला जाणार, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचा पासवर्ड ठाऊक. ज्याने पहिल्याच दिवशी येऊन तो बदलला, तो सुटला. जो भातलावणीसाठी पंधरा दिवस घरी थांबला, त्याचे खाते तितके दिवस उघड्यावर; हजेरी क्रमांक माहीत असलेला कोणीही आत शिरावा आणि नवा पासवर्ड टाकून मूळ मालकालाच बाहेर ठेवावे. त्यावर उत्तर ठरलेले: प्रत्येकाला वेगळा पासवर्ड ई-मेलने पाठवू. ई-मेलचे खाते त्याच सर्व्हरवर असले तर किल्ली कुलपाच्या आत. मग मोबाइलवर संदेश पाठवू. डोंगराआडच्या वाडीत रेंज आली तर तो पोचेल. शेवटी विद्यार्थ्याने एसटीने यावे, प्रयोगशाळा सहायकापुढे रांगेत उभे राहावे आणि ओळखपत्र दाखवून पासवर्ड घ्यावा. एका माणसाचे अर्ध्या दिवसाचे काम वाचवण्यासाठी शेकडो माणसांचा एकेक दिवस खर्ची घालायचा आणि वर त्याला सुरक्षा म्हणायचे, हा हिशेब अजब आहे.

हाच पंथ पूर्वी दर 90 दिवसांनी पासवर्ड बदलायला लावत असे. त्यातून पासवर्ड बळकट झाले नाहीत. शेवटचा आकडा एकने वाढत गेला आणि चिठ्ठ्या कीबोर्डखाली गेल्या. तो नियम आता जाणकारांनी मागे घेतला आहे. पंथाच्या कानावर ती बातमी अजून गेलेली दिसत नाही.

कोऱ्या खात्यांचा दुसरा घोटाळा क्रमांकाचा. फाइलवर मालकाचे नाव नव्हे, तर त्याचा यूआयडी, म्हणजे खात्याचा क्रमांक, कोरलेला असतो. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड झाले म्हणून कुणाच्या जमिनीचा गट क्रमांक बदलला नाही, यूआयडीचेही तसेच. सेंटओएस 6 वर साधी खाती 500 पासून सुरू होत, 7 वर 1000 पासून. नव्या सर्व्हरवर हाताने खाती उघडताना 1001 हा क्रमांक विद्यार्थ्याला गेला आणि जुन्या सर्व्हरवर तो शिक्षकाचा असला, तर डिस्क जशीच्या तशी जोडताच प्रश्नपत्रिकांचा मालक विद्यार्थी होतो.

जुने हॅश कमकुवत असतात, हे खरे. पण जुना पासवर्ड एकदा तपासून लगेच नवा मागण्याची सोय प्रणालीतच असते. पडीक खाती वगळायची तर यादीवर रेघ मारावी, सर्वांना शिक्षा नको.

योग्य रीत अशी. फक्त माणसांची खाती न्यावीत. प्रणालीची अंतर्गत खाती नव्या सर्व्हरची नव्यावरच राहू द्यावीत. यूआयडी आणि गट तेच ठेवावेत आणि फाइली टारमध्ये भरून उलगडताना मालकी नावावरून नव्हे, तर क्रमांकावरून लावायला सांगावे. रकाने डोळे मिटून उतरवू नयेत. लिनक्समध्ये हॅश ज्या शॅडो फाइलमध्ये असतात, तिथे हॅशनंतर 18628 असा आकडा दिसला, तर तो 1 जानेवारी 1970 पासूनचे दिवस सांगतो: पासवर्ड 1 जानेवारी 2021 रोजी बदलला होता. फ्रीबीएसडीत पासवर्ड बदलण्याच्या मुदतीचा रकाना सेकंदांत मोजतात. तोच आकडा तिथे पडला, तर मुदत 1 जानेवारी 1970 रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी 10 वाजून 40 मिनिटांनीच संपलेली ठरते. लॉगिन शेलचा मार्गही तपासावा. फ्रीबीएसडीत बॅश वेगळ्या जागी असते. एका खात्यावर चाचणी घ्यावी, मग बाकीची न्यावीत आणि वाटेतली शॅडोची प्रत पुसावी.

विंडोजकडे जाताना मात्र हे हॅश उपयोगी पडत नाहीत. तिथले गणितच निराळे आहे. तेवढ्यापुरता नवा पासवर्ड द्यावा लागतो, आणि तोही प्रत्येकाला वेगळा.