फोटो कोणाचा, ते कागदावर येऊ द्या

आपल्या धंद्यातले दर कोसळले ते मोबाइलच्या कॅमेऱ्यामुळे, असं आपल्यातले बहुतेक जण धरून चालतात. स्टॉक फोटोग्राफीचा इतिहास तसं सांगत नाही. पहिला आयफोन २००७ मध्ये बाजारात आला. त्याच्या वर्षभर आधीच गेटी इमेजेसने कॅनडातली आयस्टॉकफोटो ही कंपनी ५ कोटी डॉलरला घेतली होती. जे चित्र एजन्सीकडून शेकडो डॉलरला मिळे, तसं तिथे डॉलर-दोन डॉलरला मिळत होतं. स्वस्त झालेल्या डिजिटल कॅमेऱ्यांनी पुरवठा वाढवला, हे खरं. पण दर मोडले ते परवान्याच्या अटी बदलल्या म्हणून.

पूर्वी फोटो कुठे छापणार, किती मोठा, किती काळ, यावर किंमत ठरे. प्रत्येक नव्या वापराचे नवे पैसे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सिएटलच्या फोटोडिस्कने सीडीवर फोटो भरून रॉयल्टी-फ्री विकायला सुरुवात केली. एकदा पैसे मोजा, मग हवा तितका वापरा. मार्क गेटी आणि जोनाथन क्लाइन यांनी १९९५ मध्ये लंडनला सुरू केलेल्या कंपनीने आधी टोनी स्टोन इमेजेस ही नावाजलेली एजन्सी घेतली होती. १९९८ मध्ये ही लंडनची कंपनी आणि फोटोडिस्क एकत्र आल्या आणि गेटी इमेजेस उभी राहिली. २०२० पर्यंत गेटीने आपल्या क्रिएटिव्ह संग्रहातली वापरानुसार दराची जुनी पद्धत बंदच केली. या प्रत्येक टप्प्यावर निर्णय कंपनीचा होता, सही मात्र फोटोग्राफरची होती.

नुसता साठा आणि पैसा पुरत नाही, हे कॉर्बिसने दाखवून दिलं. बिल गेट्स यांनी १९८९ मध्ये काढलेल्या या कंपनीने १९९५ मध्ये न्यूयॉर्कचा बेटमन संग्रह घेतला. तो जमवणारे ऑटो बेटमन बर्लिनमधले ग्रंथपाल. नाझी राजवटीतून १९३५ मध्ये चित्रांनी भरलेल्या ट्रंका घेऊन ते निघाले आणि पुढच्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कमध्ये धंदा मांडला. त्यात विकलं जाई ते बहुतेक इतरांचं काम. बेटमन यांची खरी कमाई होती विषयवार नोंदींची: संपादकाने मागितलेलं चित्र त्यांच्याकडे चटकन सापडे. कॉर्बिसच्या हाती लाखो चित्रं होती, तरी धंदा म्हणावा तसा बसला नाही आणि २०१६ मध्ये तो चीनच्या व्हिज्युअल चायना ग्रुपकडे गेला. चीनबाहेर ती चित्रं आता विकते गेटी, म्हणजे कालची प्रतिस्पर्धी.

म्हणून कॅप्शन लिहायचा कंटाळा मला परवडणारा वाटत नाही. ‘वारकरी’ एवढंच लिहिलेला फोटो हजारोंत हरवतो. दिंडी कोणती, गाव कोणतं, तारीख काय, चेहरा ओळखू येत असेल तर त्या माणसाची लेखी संमती आहे का, हे सोबत असेल तर तोच फोटो दहा वर्षांनीही विकला जातो.

आणि कायदा वाचा. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, करारात वेगळं ठरलं नसेल तर, काम देणारा असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ तसं सांगतं. लग्न, कारखान्याचं कॅटलॉग, हॉटेलचा मेन्यू, सगळीकडे हेच लागू. हक्क तुमच्याकडे असतील तर ते दुसऱ्याला देताना कलम १९ पाहा: हस्तांतर लेखीच लागतं, मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आता एआयच्या प्रशिक्षणासाठी फोटो द्यायचे की नाहीत, याचीही वेगळी ओळ करारात हवी. शटरस्टॉकने यासाठी फोटोग्राफरांना वाटा देणारा निधी २०२२ मध्ये जाहीर केला, गेटीने २०२३ मध्ये परवानगीशिवाय फोटो वापरल्याबद्दल स्टॅबिलिटी एआय या कंपनीवर दावा लावला. हा व्यवहार सुरू झालेला आहे. पुढच्या कामाचा ॲडव्हान्स घेण्याआधी निदान मालकी, मुदत, प्रदेश आणि एआय, एवढ्या चार गोष्टी कोटेशनवरच लिहा आणि ग्राहकाची सही घ्या.