बाटली उभी करा आणि दोन दिवस थांबा

अलीकडे बऱ्याच घरांत पोर्ट वाइनची अशी एखादी बाटली असते. पोर्तुगालला फिरून आलेल्या भाच्याने आणलेली, नाहीतर लंडनहून आलेल्या जावयाने दिलेली. जवळजवळ काळी काच, नावाखाली ठसठशीत छापलेलं वर्ष. सुटकेसमधून निघाली तशी टॉवेलात गुंडाळलेली ती कपाटाच्या वरच्या फळीवर आडवी पडून राहते. ‘खास दिवस येऊ दे, मग उघडू’ म्हणता म्हणता तीन-चार उन्हाळे जातात. माझी कळकळीची विनंती आहे, ती उघडा. मात्र आज नको, परवा उघडा.

आधी लेबल नीट वाचा. वर्ष छापलंय म्हणजे व्हिंटेज पोर्ट, असं नसतं. ‘लेट बॉटल्ड व्हिंटेज’ लिहिलं असेल तर ती चार ते सहा वर्षं लाकडात राहून मग बाटलीत आलेली असते आणि बहुधा गाळलेली असते. ‘कोल्हेता’ म्हणजे एकाच वर्षाची टॉनी पोर्ट. तीही पिंपातच मुरलेली. दोन्ही चांगल्या असतात, पण त्यांच्यासाठी मी पुढे सांगतोय तो खटाटोप सहसा लागत नाही. गोव्याहून येताना आपण जी गोड ‘पोर्ट वाइन’ आणतो तिचा तर या कुळाशी नावापुरताच संबंध. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यातली. तिथला मंत्री, पोंबालचा मार्क्विस, याने 1756 मध्ये त्या प्रदेशाची हद्द आखून दिली, आणि आजही बाटलीच्या गळ्यावर तिथल्या संस्थेची कागदी मोहोर असते.

द्राक्षांचा रस आंबत असतानाच, दोन-तीन दिवसांत, त्यात द्राक्षांचीच 77 टक्के ताकदीची दारू ओततात. आंबणं तिथेच थांबतं आणि उरलेली साखर वाइनमध्ये तशीच राहते. म्हणून ती गोड, आणि म्हणूनच 20 टक्क्यांच्या आसपास कडक. वर्ष फारच चांगलं गेलं तर पोर्ट बनवणारं घराणं ते व्हिंटेज म्हणून जाहीर करतं. दहा वर्षांत साधारण तीनदा अशी वेळ येते. ही वाइन जेमतेम दोन-अडीच वर्षं लाकडात ठेवतात आणि न गाळता बाटलीत भरतात. पुढची वीस-तीस-चाळीस वर्षं तिचं मुरणं बाटलीतच चालतं, आणि तिचा साकाही बाटलीतच बसतो.

हा साका मी एकदा विसरलो. थोरल्या भावाच्या साठीला 1985 ची बाटली मिळाली होती. विमानतळावरून टॅक्सीतून, खड्ड्यांतून आणली आणि त्याच रात्री उघडली. सगळ्यांना ओतून झाल्यावर शेवटचा ग्लास भावाच्या हातात गेला. गढूळ, कडवट, दाताखाली कचकच. तो काही बोलला नाही, घोट गिळला आणि ग्लास बाजूला ठेवला. पंचवीस वर्षं कुणीतरी जपलेली वस्तू मी एका संध्याकाळच्या घाईत घालवली, याची मला अजून हळहळ वाटते.

तुमच्या हातून तसं होऊ नये. बाटली गार जागी, उजेडापासून लांब, दोन दिवस उभी ठेवा. ज्यांनी घरी कुरडयांचा चीक काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. भिजवलेल्या गव्हाचं दूध रात्रभर स्थिर ठेवायचं, सकाळी वरची निवळ अलगद ओतून टाकायची, खालचा चीक हलता कामा नये. इथेही हात तसाच चालवायचा, फक्त ठेवायची ती निवळ. बूच जुनं असेल तर तुटेल. घाबरू नका, तुकडे अडवायला स्वच्छ धुतलेलं मलमल लावा. त्या मलमलला साबणाचा वास मात्र नको. मग बाटलीच्या गळ्याखाली मेणबत्ती किंवा मोबाइलचा टॉर्च ठेवा आणि एकाच संथ धारेत काचेच्या सुरईत ओता. मध्ये थांबून बाटली सरळ करू नका, सगळा साका उसळतो. उजेडात लाल धार दिसत राहील; शेवटी तिच्यात धुरासारखी काळी रेघ सरकत गळ्याकडे येईल. ती दिसली की थांबा. तळाशी दोन बोटं उरेल, ती उरू द्या.

वीस वर्षांच्या आतली बाटली असेल तर दुपारीच ओतून ठेवा, तीन-चार तासांत ती मोकळी होते. फार जुनी असेल तर पाहुणे आल्यावरच ओता, कारण तिचा सुगंध थोडा वेळच टिकतो. आपल्या घरातल्या उन्हाळी तापमानाला देऊ नका. थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून 16 ते 18 अंशांवर आणली की पुरे.

शक्य असेल तर एक नाही, दोन बाटल्या एकत्र उघडा. चार मित्रांनी वर्गणी काढावी आणि परदेशातून येणाऱ्या कुणाला आधीच सांगून ठेवावं. एकाच वर्षाच्या ‘ग्रॅहम’ आणि ‘डाउ’ घ्या. दोन्ही घराणी आज सिमिंग्टन या एकाच कुटुंबाकडे आहेत, तरी ग्रॅहम भरघोस गोड असते आणि डाउ जरा जास्त आंबू दिलेली, त्यामुळे कोरडी. शेजारी शेजारी ठेवल्यावर हा फरक पहिल्यांदा पिणाऱ्यालाही कळतो. एकेकटी प्यायली तर जाणकारही चुकतो. सुरयांवर नावं लिहू नका, तळाला खूण करा. प्रत्येकाने गप्प राहून आपापलं मत कागदावर उतरवावं, आणि मगच नावं उघड करावीत. घरातला मोठा माणूस आधी बोलला की बाकीच्यांच्या जिभा त्याच्याच मागे जातात, हे मी पाहिलंय.

सोबत अक्रोड ठेवा, मिळालं तर स्टिल्टनसारखं निळ्या बुरशीचं चीज. श्रीखंड किंवा गुलाबजाम नको. पोर्टपेक्षा गोड काही तोंडात असलं की पोर्ट आंबट लागते. ग्लास तिसरा हिस्साच भरा. 750 मिलीची बाटली आठ-दहा जणांना पुरते. पंक्तीत जिलेबीचा करतो तसला आग्रह इथे कुणालाही करू नका. जो पीत नाही त्याच्या हाती सुरई आणि टॉर्च द्या, धार त्याच्याइतकी स्थिर कुणाची नसते. गाडी चालवणाऱ्याचा वाटा छोट्या बाटलीत भरून द्या. व्हिंटेज पोर्ट तरुण असेल तर फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते, आणि दुसऱ्या दिवशी तिची चव बरेचदा आदल्या रात्रीहून उघडी लागते. म्हणून दोन्ही सुरयांत चार-चार घोट मुद्दाम मागे ठेवा, आणि आदल्या रात्रीचे ते कागद जपून ठेवा.