धुण्याआधी हात आवरा!

मैत्रिणींनो, जुन्या कापडावर डाग दिसला, की आपण आधी पाण्याकडे धाव घेतो. पण ऐतिहासिक वस्त्रं जतन करायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना पहिला धडा मिळतो तो हात आवरण्याचा, बरं का!

डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या कारेन फिंच या बाई विणकाम शिकलेल्या. लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांनी काम केलं, मग राहत्या घरीच जुनी वस्त्रं दुरुस्त करू लागल्या. १९७५ साली हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात त्यांनी या कामाचं शिक्षण देणारं केंद्र काढलं.

अशा शिक्षणात विद्यार्थी आधी वस्त्र नुसतं न्याहाळतात. धागा भिंगाखाली पाहायचा, फोटो काढायचे, प्रत्येक ठिगळाची नोंद करायची. घामाचा डागसुद्धा ते वस्त्र कुणी, कसं वापरलं ते सांगतो. तो धुतला, की पुरावा गेला! धुवायचंच ठरलं, तर आधी प्रत्येक रंगावर पाण्याचा थेंब टाकून टीपकागद दाबायचा. कागदाला रंग लागला, तर पाणी नको. विरलेल्या भागाखाली जुळत्या रंगाचं कापड लावून बारीक टाके घालायचे; तेही असे, की पुढे कुणाला ते अलगद उसवता यावेत.

हे केंद्र पुढे विंचेस्टरला गेलं आणि २००९ साली चक्क बंद पडलं. पुस्तकं होती हो, पण नाजूक रेशमाला बोट किती हलकं लावायचं, ते शिकवणाऱ्याशेजारी बसूनच कळतं. सुदैवानं २०१० मध्ये ग्लासगो विद्यापीठानं हे शिक्षण पुन्हा सुरू केलं.

आपल्या घरी आजीची पैठणी असेल, तर एवढं कराच:

* वर्षातून दोन-तीनदा घड्या बदला.
* धुतलेल्या, पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकची पिशवी नको.
* डांबरगोळी जरीला लागू देऊ नका.
* उन्हात वाळत घालू नका. सावलीत वारा द्या.
* डाग घासू नका.
* साडी कुणाची, कुठल्या लग्नातली, याची चिठ्ठी सोबत ठेवा.

आणि हे करताना लेकीला, सुनेला शेजारी बसवा. जपणं हे पाहूनच येतं, नाही का?