आधी लिही, मग सांग

मुलांनो, तुमचा मोबाईल क्षणात उत्तर देतो. १९९४ साली आमच्या निपाणीत संगणकाला डिस्कवरून हिशेब काढायला बराच वेळ लागायचा. त्यावरचा उपाय होता 'स्मार्टड्राइव्ह'. विडी वळणारी बाई दर विडीला कोठारात जात नाही. पानं, तंबाखू सुपात घेऊनच बसते. तसा हा प्रोग्रॅम लागणारा मजकूर मेमरीत जवळ ठेवायचा.

लिहितानाही तो तेच करी. 'झालं' म्हणून मोकळा व्हायचा, नोंद मात्र डिस्कवर काही क्षणांनी उतरायची. तेवढ्यात वीज गेली तर? आणि आमच्याकडं वीज जाणं रोजचंच.

मी ज्या कारखान्यात हिशेब ठेवायचो, तिथं विडीकामगार बायकांची आठवड्याची मजुरी संगणकावर होती. डॉस ६.२ हाती आल्यावर मी खोट्या नावांची वही करून जुनी-नवी दोन्ही तपासली. वही कॉपी केली, प्रॉम्प्ट दिसताच प्लग उपटला. जुन्यात शेवटच्या नोंदी गायब. नव्यात प्रॉम्प्ट जरा उशिरा आला, पण नोंदी जागेवर. कारण ती आधी डिस्कवर लिहिते, मगच प्रॉम्प्ट देते. तरीही मी '/एक्स' जोडून उशिरा लिहिणं बंदच केलं.

मालक म्हणाले, "हळू झालं की रे!"

म्हटलं, "अण्णा, एखाद्या अक्काची हजार विड्यांची मजुरी बुडण्यापेक्षा आपण दोन मिनिटं थांबू."

आज पेनड्राइव्ह काढण्याआधी संगणकाला सांगायचं असतं, तेही याचसाठी. घाईनं उपटू नका.