चालते आहे, म्हणजे ठीक आहे?

इस्त्रीच्या प्लगची काळवंडलेली पिन तुम्ही पाहिली असेल. ती एका दिवसात काळी पडत नाही. पण इस्त्री तापते आहे, कपड्यांच्या चुण्या जात आहेत, मग प्लगकडे पाहतो कोण? ‘चालते आहे ना, मग ठीक आहे,’ असे म्हणून आपण मोकळे होतो. हे म्हणणे किती फसवे आहे, ते संगणकातील ग्राफिक्स कार्डाच्या उदाहरणावरून पाहू या.

संगणकाच्या पडद्यावरील चित्रांची गणिते करणाऱ्या या कार्डाला भरपूर वीज लागते. २०२२ साली आलेल्या ‘आरटीएक्स ४०९०’ या कार्डाला ४५० वॅटपर्यंत शक्ती लागते. अशा कार्डांसाठी जो नवा कनेक्टर निघाला, त्याची मर्यादा ६०० वॅट आहे. त्यात काय विशेष? इस्त्री तर १००० वॅटची असते! पण इस्त्रीला २३० व्होल्ट मिळतात, म्हणून तिला साधारण ४.३ अँपिअर प्रवाह पुरतो. कार्डाला मिळतात १२ व्होल्ट. ६०० ला १२ ने भागा : ५० अँपिअर! हा प्रवाह सहा बारीक पिनांतून येतो आणि दुसऱ्या सहांतून परत जातो. एकेका पिनेच्या वाट्याला ८.३ अँपिअर, म्हणजे इस्त्रीच्या जाड पिनेच्या जवळजवळ दुप्पट.

आता समजा, सहांपैकी दोन पिना नीट टेकल्याच नाहीत. तरीही कार्ड चालते. फक्त उरलेल्या चार पिनांवर प्रत्येकी १२.५ अँपिअरचा भार पडतो. प्रवाह दीडपट झाला. पण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ती सव्वादोनपट होते. उष्णतेने धातूची पकड सैल होते, सैल पकडीमुळे रोध वाढतो आणि रोधामुळे आणखी उष्णता निर्माण होते. शेवटी प्लास्टिक वितळते. पडद्यावर मात्र तोपर्यंत सारे आलबेल!

२०२२ च्या अखेरीस असे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या. प्लग पूर्ण न बसवल्यामुळे असे घडते, असे कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने सांगितले. २०२३ मध्ये कनेक्टरची रचनाही सुधारण्यात आली. तरी २०२५ मध्ये नव्या कार्डांबाबत पुन्हा तशा तक्रारी आल्या. माझ्या मते, किंचित अपुरा बसला म्हणून वितळणारा कनेक्टर हा केवळ वापरणाऱ्याचा दोष नव्हे; रचना करणाऱ्यानेही चुकीला जागा ठेवायला हवी. पण दोष कोणाचा, हे ठरेपर्यंत तुमच्या घरचा कनेक्टर थांबून राहणार नाही. म्हणून तपासणी आपणच करायची.

ती कशी? घरातील मोठ्यांना सोबत घ्या. संगणक बंद करा, भिंतीतला प्लग काढा आणि यंत्र निवू द्या. कनेक्टर शेवटपर्यंत बसला आहे ना, केबल त्याच्या तोंडाशीच वाकलेली नाही ना, प्लास्टिक तपकिरी किंवा फुगलेले नाही ना, जळका वास येत नाही ना, हे पाहा. दर तीन महिन्यांनी एकाच जागेवरून छायाचित्र घ्या आणि वहीत तारीख टाका. हळूहळू होणारा बदल स्मरणाला कळत नाही, नोंदीला कळतो. मात्र दर वेळी कनेक्टर उपसू नका. तो सुमारे ३० वेळा काढण्या-घालण्यासाठीच बनवलेला असतो. वर्षातून एकदा काढून आतल्या पिना पाहिल्या, तर पुरे. डाग दिसला, तर घासूनपुसून तोच पुन्हा लावू नका. वापर थांबवा आणि जाणकाराला दाखवा.

तुमच्याकडे असे कार्ड नसेलही. पण इस्त्री आहे, गीझर आहे, शाळेत संगणकाचा वर्ग आहे. शिक्षकांनी वर्गाकडून तेथील प्लगांची एक नोंदवही ठेवून घ्यावी. बिघडलेल्या यंत्राकडे सगळेच पाहतात. चालत्या यंत्राकडे पाहण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागते.