कल्पित संघ आणि खरा पैसा

एखाद्या गोष्टीची निंदा करणारे व तिची भलामण करणारे अशा दोन्ही पक्षांचा तिजविषयी सारखाच गैरसमज असावा, असा योग क्वचित येतो. ‘फँटसी’ खेळांच्या बाबतीत तो आलेला आहे. निंदक म्हणतात, हा निव्वळ जुगार होय. भलामण करणारे म्हणतात, ही निव्वळ बुद्धीची करामत होय. आमच्या मते दोघेही ज्याविषयी बोलत आहेत तो खेळ नसून त्या खेळाच्या दारात मांडलेले दुकान आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला आणि त्या दुकानास टाळे लागले. परंतु दुकानाबरोबर खेळही निकालात निघाला, असे आमच्या तळेगावातील पुष्कळ सुशिक्षित घरांत मानले जात आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम खेळ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. मैदानावर प्रत्यक्ष खेळणाऱ्यांतून आपण घरबसल्या कागदावर एक संघ निवडावयाचा. त्या खेळाडूंनी मैदानावर जे केले त्याचे ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे गुण मांडावयाचे व ज्याच्या संघाचे गुण अधिक तो जिंकला असे समजावयाचे. एवढीच ही गोष्ट. हिचा एक प्रसिद्ध आरंभ १९८० साली न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट या लेखकाने व त्याच्या मित्रमंडळीने केला. बेसबॉलच्या खेळाडूंचा आपसांत लिलाव करून त्यांनी संपूर्ण हंगामभर गुणांचा हिशेब ठेवला. त्यांनीही वर्गणी काढली होती. पण वर्गणीतला वाटा काढून घेणारा चालक मध्ये नव्हता, आणि निकाल एका दिवसात लागत नव्हता. हे दोन भेद वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढील सर्व वाद त्यांवर उभा आहे.

आमच्याकडे हा खेळ आला तो या दोन्ही गोष्टी उलट्या करून. एका सामन्यापुरता संघ, प्रवेशास शुल्क, आणि सकाळी गरीब असलेला मनुष्य रात्री कोट्यधीश झाल्याची जाहिरात! मुंबईच्या ‘ड्रीम इलेव्हन’ने २०२० साली आयपीएलला आपले नाव दिले व २०२३ पासून भारतीय संघाच्या छातीवर आपली अक्षरे झळकविली. या व्यवसायावर आक्षेप निघाला की उत्तर ठरलेले असे : हा कौशल्याचा खेळ आहे, न्यायालयाने तसे म्हटले आहे. न्यायालयाने तसे म्हटले हे खरे. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ साली व मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली ही बाजू मान्य केली होती. निर्णयाविषयी आमची तक्रार नाही. खेळात कौशल्य आहे की नाही एवढाच प्रश्न असेल तर उत्तर ‘आहे’ असेच द्यावे लागेल. आमचा प्रश्न निराळा आहे : त्या कौशल्यास वाव मिळण्याइतका अवधी दुकानदाराने ठेवला होता काय?

दाखल्यासाठी दूर जावयास नको. आमच्या मावळ तालुक्यातच गहुंजे येथे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे मैदान आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी सामना झाला. विराट कोहली यांनी दोन डावांत मिळून १३ धावा केल्या, भारताचे डाव १०५ व १०७ धावांत आटोपले आणि स्टीव्ह ओकीफ या फारशा कोणाच्या ओठांवर नसलेल्या गोलंदाजाने ७० धावांत १२ बळी घेतले. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच मैदानावर, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध, त्याच कोहलींनी नाबाद २५४ धावा काढल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध पुन्हा तेच मैदान, तेच फलंदाज, आणि धावा १ व १७! या वेळी १३ बळी घेऊन गेला मिचेल सँटनर, ज्याने त्यापूर्वी कसोटीच्या एका डावात पाच बळी कधीही घेतलेले नव्हते. बंगळूरच्या आदल्या कसोटीत तर तो संघातही नव्हता. आता ज्याने आठ वर्षांतील सर्व कसोट्यांचा हिशेब धरून कोहलींस आपल्या संघात घेतले तो चतुर ठरेल. पण ज्याने केवळ गहुंजे येथील या तीन सामन्यांवर पैसे लावले तो दोनदा बुडाला असता. चतुर तो, बुडालेलाही तोच! कौशल्य हे लांबच्या पल्ल्याचे घोडे आहे. त्यास वीस पावलांच्या शर्यतीत उभे करावयाचे आणि घोडा जातिवंत आहे म्हणून शर्यत प्रामाणिक आहे असे म्हणावयाचे, हा युक्तिवाद वकिलास शोभेल, शिक्षकास शोभणार नाही.

बरे, लांबचा पल्ला दिला तरी हिशेब चुकत नाही. समजा, शंभर माणसांनी प्रत्येकी ५० रुपये भरले, ५,००० जमले. चालकाने ७५० ठेवून ४,२५० वाटले. या शंभर जणांनी कितीही अभ्यास केला, रात्रीचा दिवस करून आकडे पाठ केले, तरी शंभरांची मिळून ७५० रुपयांची तूट होणारच. कौशल्याने एवढेच ठरेल की कोणाच्या खिशातील पैसा कोणाच्या खिशात जावा. सर्वांचे कौशल्य दुप्पट झाले तरी तूट एका पैशाने कमी होणार नाही. ‘यशस्वी होण्याचे दहा मार्ग’ शिकविणारे जे पंडित गावोगाव निर्माण झाले होते, ते हा अकरावा मुद्दा शिकवीत नसत. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या पोलीस दलातील एका अधिकाऱ्यास अशा स्पर्धेत दीड कोटींचे बक्षीस लागले व लगोलग निलंबनाची आज्ञाही हाती पडली. तेव्हा या सबंध टापूत दीड कोटींची चर्चा झाली, निलंबनाचीही झाली. ज्यांच्या शुल्कातून ते दीड कोटी उभे राहिले त्या असंख्य माणसांविषयी मात्र कोणी शब्द काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

यात नवे काही नाही. आमच्या आजोबांच्या पिढीला शब्दकोड्यांनी असेच वेड लावले होते. मुंबई राज्यात १९४८ साली लॉटरी व बक्षीस-स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसविणारा कायदा झाला. बंगळूरहून कोडे-स्पर्धा चालविणाऱ्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापारच नव्हे असा निकाल दिला. त्याच वेळच्या दुसऱ्या निकालात मात्र ज्या स्पर्धांत यश बहुतांशी कौशल्यावर अवलंबून असते त्या निराळ्या मानल्या गेल्या, आणि हाच भेद साठ वर्षांनी कंपन्यांच्या कामी आला. २०२५ च्या कायद्याने तो भेदच पुसून टाकला. कौशल्य असो वा दैव असो, पैसे लावून पैसे मिळविण्याची आशा असेल तर तो खेळ वर्ज्य. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटीपर्यंत दंड सांगितला आहे. खेळणाऱ्यास शिक्षा नाही. कायद्याचा हा रोख आम्हांस योग्य वाटतो. दोष दुकानदाराचा असता गिऱ्हाइकास फटके मारण्यात अर्थ नसतो.

तळेगावकरांस या प्रसंगी आणखी एका गोष्टीचे स्मरण व्हावयास हवे होते. पुष्कळांकडून थोडे थोडे गोळा करण्याची युक्ती या गावास कोणी परक्याने शिकवावी असे नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा मागत जो पैसा फंड उभा केला, त्यातून १९०८ साली येथे काचेचा कारखाना निघाला. लोकमान्यांचा त्यास पाठिंबा होता. त्या पैशाच्या मोबदल्यात देणाऱ्यास काहीच मिळावयाचे नव्हते. देशात काच होत होती व काच करणारी माणसे तयार होत होती. शंभर-सव्वाशे वर्षांनी त्याच गावातील तरुण लोणावळा लोकलमध्ये बसून पन्नास-पन्नास रुपये एका अदृश्य पेटीत टाकीत होता, आणि त्यातून एकाच्या घरी मोटार व बाकीच्यांच्या घरी हळहळ तयार होत होती. दोन्हींस ‘लोकांचा सहभाग’ म्हणणारी भाषा आमच्या कोशात नाही.

येथवर निंदक पक्ष आमच्यावर प्रसन्न झाला असेल. आता त्याचा समाचार घेणे प्राप्त आहे. पैसा गेला, आता पोरांनी तो नादच सोडावा, असे जे वडीलधारे म्हणत आहेत, त्यांनी मुलांच्या हातात दुसरे काय दिले? पाहणे, टिपणे, आकड्यांवरून अनुमान बांधणे, ते चुकले म्हणजे का चुकले हे शोधणे, आणि आवडत्या खेळाडूविषयीचा लोभ आवरून निवड करणे, एवढ्या गोष्टी जो खेळ बिनखर्चात शिकवितो त्यास हाकलून लावणे म्हणजे टाकाऊ वेष्टनाबरोबर आतला जिन्नसही उकिरड्यावर टाकणे होय. कायद्यानेही बिनपैशाच्या खेळास हात लावलेला नाही. कायद्यापेक्षा अधिक कडक होण्याची हौस असेल तर ती मुलांच्या करमणुकीवर न भागविता स्वतःच्या विडीकाडीवर भागवावी.

आमची सूचना अशी की, हा खेळ घरोघर सुरू करावा आणि तो क्रिकेटवर न करता रग्बीवर करावा. रग्बी का, असे कोणीही विचारील. उत्तर सोपे आहे : आम्हांस तो येत नाही म्हणून! क्रिकेटमध्ये प्रत्येकाचे दैवत ठरलेले आहे, आणि दैवतासमोर बुद्धी हात जोडते. रग्बीत कोणाचे दैवत नाही. जे कळेल ते अभ्यासाने कळेल. शिवाय हा खेळ आम्ही समजतो तितका परका नाही. इंग्लंड व स्कॉटलंड ज्या ‘कलकत्ता कप’साठी दरवर्षी झुंजतात तो चषक कलकत्त्याच्या क्लबाने मोडताना आपल्या शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून करविला, आणि १८७९ पासून त्यासाठी सामने होत आहेत. जून २०२५ मध्ये मुंबईस अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात सात-सात खेळाडूंच्या रग्बीची सहा संघांची व्यावसायिक स्पर्धा प्रथमच झाली व चेन्नईचा संघ विजयी ठरला.

आरंभ करणाराने फेब्रुवारी-मार्चमधील ‘सिक्स नेशन्स’ स्पर्धा धरावी. इंग्लंड, फ्रान्स, आयर्लंड, इटली, स्कॉटलंड व वेल्स असे सहा संघ, पाच फेऱ्या, एकूण पंधरा सामने. हा पल्ला कौशल्यास पुरेसा आहे आणि परीक्षेच्या दिवसांत मुलांस जड जाईल इतका लांबही नाही. संघात पंधरा खेळाडू. आठ पुढचे, सात मागचे. चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे जमिनीस टेकविला की ‘ट्राय’चे ५ गुण, त्यानंतरच्या लाथेचे २, दंडाच्या लाथेचे ३. पण कागदी संघाचे कोष्टक एवढ्यावर थांबवू नये. रोखलेल्या प्रतिपक्ष्यांचे, हिसकावून घेतलेल्या चेंडूंचे व धावून कापलेल्या अंतराचेही गुण ठेवावेत. नाही तर पुढच्या फळीतील कष्टकऱ्यांस न्याय मिळणार नाही आणि सारेजण पाठीमागच्या चपळ पोरांनाच निवडतील.

निवडीतले मर्म फार नाही, पण ते न पाळल्यामुळेच बहुतेक हरतात. जो मैदानावर उतरलाच नाही त्याची कीर्ती आपल्या वहीत शून्य गुण देते. म्हणून सामन्याच्या एक-दोन दिवस आधी जाहीर होणारी नावे वाचल्याखेरीज आपला संघ कायम करू नये. १ व ३ क्रमांकांचे धिप्पाड गडी बहुधा ८० मिनिटे पुरी खेळत नाहीत, त्यांची बदली ठरलेलीच असते. ६ व ७ क्रमांकांचे मात्र शेवटपर्यंत राबतात व गुपचूप गुण साठवितात. लाथा मारण्याचे काम ज्याच्याकडे आहे, आणि बहुतेक संघांत ते १० क्रमांकाच्या खेळाडूकडे असते, त्याचा संघ हरला तरी तो रिकाम्या हाताने परतत नाही. कर्णधाराचे गुण दुप्पट धरण्याची चाल आहे, तेव्हा कर्णधार लाथ मारणाराच असावा. किनाऱ्यावरचा धावपटू एखाद्या दिवशी तीन ‘ट्राय’ करील आणि पुढल्या दोन सामन्यांत चेंडूही पाहणार नाही. एका सामन्यात चमकलेल्यामागे पुढच्या आठवड्यात धावू नये. ज्या संघाविरुद्ध मागील सामन्यांत पुष्कळ ‘ट्राय’ झाले त्याच्याशी कोण खेळत आहे, इकडे नजर ठेवावी.

आठ-दहा कुटुंबे पुरेत. प्रत्येक कुटुंबाचा संघ एकच असावा, म्हणजे बाप, लेक व आजी यांस आपसांत भांडून निवड करावी लागेल. आमच्या मते खेळाचा सर्वांत मोठा लाभ हाच. प्रवेशास शुल्क एक पैसाही नको, तेवढ्यापुरते आम्ही पैसा फंडाविरुद्ध जाण्यास तयार आहोत. बक्षीस ठेवावयाचेच तर गो. नी. दांडेकर वर्षानुवर्षे याच गावात राहिले, त्यांचे एखादे पुस्तक ठेवावे. सामने आमच्याकडे रात्री पावणेआठपासून पुढे सुरू होतात आणि काही तर सव्वादहाला, ही अडचण खरी आहे. तेव्हा रात्रीचा सामना कोणीही जागून पाहू नये. रविवारी सकाळी चहा झाल्यावर निकाल काढावा, आणि गुणांची वही घरातील अशा माणसाकडे ठेवावी की ज्याचा संघ सर्वांत मागे आहे.