विणण्याआधी माप



सेवानिवृत्त झाल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात कपाट आवरताना आईची क्रोशाची सुई हाती लागली. साखळी आणि खांब हे दोन टाके तिने मला शाळकरी वयात शिकविले होते. पुढे बँकेच्या नोकरीत ते मागे पडले. परंतु बोटे काही विसरली नव्हती. आठवड्याभरात नातवाची टोपी झाली, भाचीसाठी मोबाईलची पिशवी झाली, शेजारच्या आजींसाठी चष्म्याचे घर झाले. कौतुक होत गेले, तसा उत्साहही वाढत गेला. मग मनाने घेतले, की रुग्णालयातील नवजात बाळांसाठी टोप्या विणून द्याव्यात.

दोन महिन्यांत चाळीस टोप्या तयार झाल्या. लाल, पिवळ्या, गुलाबी. प्रत्येकीवर एक फूल आणि फुलाच्या मध्यभागी चमकता मणी. खोक्यात रचून त्या मी एका धर्मादाय रुग्णालयात घेऊन गेले. खरे सांगावयाचे तर, आभाराचे चार शब्द ऐकण्याची तयारी घरूनच करून गेले होते.

तेथील सिस्टरांनी एक टोपी उचलली आणि आपल्या मिटलेल्या मुठीवर घालून पाहिली. टोपी घसरून मनगटापर्यंत आली. त्या सौम्यपणे म्हणाल्या, "काकू, काम फार सुंदर आहे. पण आमच्या या कक्षातली बाळं दीड-दोन किलोची असतात. ही टोपी त्यांच्या डोळ्यांवर येईल. आणि मणी तर आम्हाला चालतच नाही." चाळीसपैकी सहा टोप्या त्यांनी ठेवून घेतल्या, त्यादेखील मणी कापून. उरलेले खोके घेऊन मी रिक्षात बसले, तेव्हा मला राग आला होता, हे कबूल करते.

घरी आल्यावर हे सारे मी यजमानांना सांगितले. त्यांचा जन्म कापडाच्या पेढीवर गेला. हिशेबाच्या वहीतून मान वर न करताच ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला काय हवं ते न विचारता माल भरलास. तो पडून राहिला, तर दोष गिऱ्हाइकाचा कसा?"

हे वाक्य मला लागले, कारण ते खरे होते. कर्जाचा अर्ज आला, की जागेवर जाऊन पाहणी केल्याखेरीज मी कधी शिफारस केली नाही. दान देताना मात्र घेणाऱ्याच्या दारात जाऊन पाहण्याची गरज मला वाटली नव्हती. व्यवहारात जी काळजी आपण घेतो, ती दानात का सोडून देतो?

क्रोशाचा लोकोपयोगी कामाशी संबंध जुना आहे. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक सडून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा तेथील मठांतील भगिनींनी गरीब कुटुंबांतील स्त्रियांना क्रोशाची लेस विणावयास शिकविले. व्हेनिसच्या सुईच्या लेसला श्रीमंतांत मागणी होती. तिचा घाट क्रोशात आणला, तर काम पुष्कळ लवकर होत असे. घेणाऱ्याला काय हवे, हे आधी पाहिले गेले, म्हणूनच त्या सुईवर अनेक घरांच्या चुली पेटल्या.

पुढच्या आठवड्यात मी वही आणि मोजपट्टी घेऊन पुन्हा त्याच सिस्टरांकडे गेले. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो. दीड किलोच्या बाळाचा सुमारे २८. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते, म्हणून ते उघडे राहिल्यास अंगातील ऊब झपाट्याने कमी होते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची जी 'कांगारू' पद्धत आहे, तीत बाळाच्या अंगावर लंगोट, पायमोजे आणि टोपी एवढेच असते. तेथे टोपी ही शोभेची वस्तू उरत नाही.

सिस्टरांनी सांगितलेले नियम वाचकांसाठी येथे देते. सूत मऊ व सुती असावे. मणी, बटण, गोंडा, बांधावयाची दोरी यांपैकी काहीही नसावे. वीण घट्ट असावी, म्हणजे इवलीशी बोटे छिद्रांत अडकणार नाहीत. पायमोज्यांच्या आत सुटा धागा मुळीच राहू देऊ नये. तो बाळाच्या बोटाभोवती आवळला, तर रक्तपुरवठा थांबू शकतो. टोपी धुऊन, तिच्या घेराची चिठ्ठी लावून द्यावी. घरी उबदार हवेत झोपलेल्या बाळाला टोपी घालावी की नाही, हे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

उरलेल्या चौतीस टोप्यांचे काय झाले? क्रोशाचा एक मोठा गुण असा, की शेवटचे टोक सोडून ओढले, की सारे काम उसवते आणि सूत जवळपास जसेच्या तसे परत मिळते. दुकानात आपण 'लोकर' म्हणून घेतो, ते बहुधा ॲक्रिलिक असते. माझेही तेच होते. ते धुण्यास सोपे आणि वाळण्यास हलके. आमच्या सांगली भागात हिवाळ्यात ऊसतोडीसाठी कुटुंबे येतात व शेताकडेला कोपी घालून राहतात. या खेपेस आधी त्यांच्या वस्तीवर गेले. एक बाई म्हणाली, "ताई, कान झाकतील अशी करा. आन् गोंडा नको, पोरं चुलीपुढं बसत्यात." रंगही तिनेच सांगितला, मळ न दिसणारा. फुले आणि मणी डब्यात गेले. गडद सूत नवे आणून जुन्यात मिसळले आणि बावीस कानटोप्या झाल्या.

त्याच सुमारास माझ्या धाकट्या जाऊबाईंवर केमोथेरपी सुरू झाली. केस गेले. तिच्यासाठी जांभळ्या फुलांची एक देखणी टोपी माझ्या मनात तयारच होती. सुई हाती घेतली आणि थांबले. तिला जाऊन विचारले. ती म्हणाली, "ताई, दिवसा मी पदर घेते, त्याचं मला काही वाटत नाही. रात्री मात्र डोकं गार पडतं. आणि उशीवर शिवण टोचते." फुलाचे नाव मी काढले नाही. मऊ पांढऱ्या सुताची, आत कोठेही शिवण नसलेली साधी टोपी विणली. केस नसताना डोक्याचा घेर कमी भरतो, म्हणून माप तिच्या डोक्यावरच घेतले. ते घेताना ती डोळे मिटून बसली होती, आणि आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही. एका घरात तीस वर्षे राहूनही इतक्या जवळ आम्ही क्वचितच बसलो होतो.

उपचार आता संपले आहेत. केस बोटभर वाढले आहेत. पुढची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. टोपी अजून तिच्या उशाशीच असते.

थंडीला अजून दोन महिने आहेत. आपल्यापैकी ज्यांच्या घरी सुई आणि सूत आहे, त्यांनी विणावयास जरूर बसावे. परंतु पहिली साखळी घालण्याआधी एकदा उठून, जिच्यासाठी वा ज्याच्यासाठी विणावयाचे, त्या माणसाकडे जाऊन यावे. मोजपट्टी बरोबर न्यावी, आणि बोलणे ऐकून घेण्यास वेळ ठेवावा.